बायकांच्या बाजूने दिसणारा माणूस

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. आमच्या घरात देव्हाराच नव्हता, मग भुताने येऊन टेकायचं कुठे? छप्पन सालानंतर आजोबांनी घरातले देव टोपलीत भरले आणि पूर्णा नदीत सोडून आले. वडील शाळामास्तर. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी बावीस प्रतिज्ञांचा छापील कागद. गल्लीत कुणी म्हणालं की अमक्याच्या सुनेला झाडाने धरलं, तर बाबा विचारायचे, "झाडाला विचारलं का, ते काय म्हणतंय?"

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचसे वाचून हसते. पांढरी साडी, रात्रीचे बारा, पिंपळ, मागे वळून बघू नकोस... माझ्या अनुभवात यातलं एकही नाही. दिवेलागणीची वेळ, माणसांनी गच्च भरलेला तंबू, भज्यांचा वास, रडणारी पोरं. तरीही इतकी वर्षं झाली, त्या गोष्टीचा मला उलगडा होत नाही. कुणाला सांगायची म्हटलं तर आधी मलाच माझी लाज वाटते.

गाव जाफराबाद. आता ते जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. साल पंच्याहत्तर, दिवाळी नुकतीच झालेली. मी सहावीत होते. सुगी सरली की बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. त्याचे मालक हमीदभाई. घरी उर्दू बोलणारा माणूस, आमच्याशी अर्धं मराठी अर्धं हिंदी. संध्याकाळ झाली की भोंग्यावर गाणी सुरू व्हायची आणि घराघरांत भाकरी थापायचा वेग वाढायचा.

आता या तंबूची एक रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. एका बाजूला मशीन आणि पुरुष. दुसऱ्या बाजूला, म्हणजे पडद्याच्या मागे, बायका आणि लहान पोरं. पडदा पातळ कापडाचा, त्यामुळे चित्र आरपार दिसायचं, फक्त आम्हाला ते उलटं दिसायचं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. म्हणून आमच्या बाजूचं तिकीटही कमी. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची, पण निम्म्या बायकांना वाचताच येत नव्हतं, त्यांना काय फरक? हिरोइनीच्या गालावरचा तीळ कुठल्या बाजूला, यावरून गावात नवरा-बायकोची भांडणं झालेली मला माहीत आहेत. आमच्या गल्लीतल्या एका नव्या सुनेने तर कमाल केली. हिरोइनीची नथ पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी सोनाराकडे जाऊन उजवी नाकपुडी टोचून घेतली! सासूने तिला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं. पण सासूही आमच्याच बाजूला बसायची, त्यामुळे बोलता बोलता तिचाच आवाज मऊ पडला.

त्या वर्षी एक काळं-पांढरं मराठी पिक्चर आलं होतं. नाव सांगत नाही, आम्ही त्याला "जत्रेचं पिक्चर" म्हणायचो. धाकट्या जावेला मोठी जाऊ घराबाहेर काढते, तिचा भाऊ तिला गावोगाव शोधत फिरतो आणि इंटरव्हलनंतर एका जत्रेत ती दोघं कासाराच्या दुकानासमोर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी राहतात... आणि एकमेकांना न बघता निघून जातात. इथे आमच्या बाजूच्या बायका ओरडायच्या, "अगं मागं बघ! तुझा भाऊ हाय तुझ्या मागं!" रोज ओरडायच्या. पुढे काय होणार हे पाठ असलेल्या बायका रोज जीव तोडून ओरडायच्या आणि ती बया एकदाही मागं बघायची नाही. हमीदभाईंनी मधे दुसरं पिक्चर लावून बघितलं, तर बायका अर्ध्यातून उठून गेल्या. शेवटी त्यांनी हात टेकले आणि जत्राच चालू ठेवली.

आम्ही ते किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही. आमचं तिकीट लागायचं नाही, कारण कौसाआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तंबूत बायकांच्या बाजूला झाडलोट करून सडा मारायची. त्या बदल्यात तिला पिक्चर फुकट, आणि तिच्या पदराला धरून मला.

आत्या आमच्याकडे राहायची त्याचं कारण कचरूमामा. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात दोघंही खडी फोडायच्या कामावर होती. नंतर तेही काम आटलं तेव्हा मामा गावातल्या चौघांबरोबर सुरतेकडे निघाला. ते चौघे पुढे परत आले, मामा आला नाही. ते म्हणाले, वाटेत कुठल्याशा स्टेशनवर तो पाणी आणायला उतरला, गाडी सुटली, तो काही चढलेला दिसला नाही. बाबा दोनदा जाऊन शोधून आले. काही पत्ता नाही. तेव्हापासून आत्याला कुणी सवाष्ण म्हणायला धजत नव्हतं आणि कुणी विधवाही म्हणत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही असा प्रश्न पडला की लोक सरळ विसरून जायचे.

त्यातच केदारखेड्याहून तिच्यासाठी स्थळ आलं. रंगनाथ नावाचा शेतकरी, बायको वारलेली, पदरात एक लहान मुलगी. माणूस चांगला, बाबांच्या माहितीतला. त्याने मोकळेपणाने निरोप पाठवला होता, तुमची बहीण हो म्हणाली तर मी सुखात ठेवीन, पौर्णिमेपर्यंत काय ते कळवा. बाबांना वाटत होतं तिने हो म्हणावं. आई तर तिच्या मागेच लागली होती. आत्या एकच प्रश्न विचारायची.

"वहिनी, तो जित्ता आसंल तर?"

याच दिवसांत ते घडलं. एकच पिक्चर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांना माझं म्हणणं कळेल. पहिल्या काही वेळा आपण हिरो-हिरोइनीकडे बघतो. मग सगळं पाठ झालं की डोळे रिकामे होतात आणि कडेकडेने फिरायला लागतात. मागून जाणारी शेळी, खांबाला टेकलेला पोलीस. मी त्या जत्रेतली छत्री घेतलेली एक म्हातारी शोधून ठेवली होती, ती उगाचच दोनदा एकाच दिशेने जायची. एके संध्याकाळी मी त्या म्हातारीची वाट बघत बसले होते आणि आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडलेच.

"पमे... कासाराच्या दुकानापाशी बघ. त्या खांबाच्या बाजूला."

"कोण आहे?"

"तुझा मामा."

मी पाहिलं. खांबाजवळ एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. आजूबाजूला सगळी जत्रा हलत होती, हा मात्र हात खाली सोडून नुसता उभा होता आणि आमच्याकडे बघत होता. अंगात सदरा, सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर मोठं ठिगळ, पानाफुलांच्या नक्षीचं. सीन बदलला आणि तो गेला.

ते ठिगळ आत्याने लावलेलं होतं. खडीची टोपली उचलून उचलून मामाच्या सदऱ्याचा उजवा खांदा फाटला होता, म्हणून तिने आपल्या जुन्या साडीचा तुकडा शिवला होता. तोच सदरा घालून तो गेला होता. मामाचा चेहरा मला नीटसा आठवत नव्हता, पण ती साडी आठवत होती, कारण उरलेल्या साडीची गोधडी मी अंगावर घेत होते.

दुसऱ्या दिवशी आत्याने शेजारणींना दाखवला. सगळ्यांना दिसला. "हो गं बाई, कचरूच की!" म्हणून एकच गलका झाला. हा आधीपासून होता का? कुणालाच सांगता येईना. एक म्हणाली, पहिल्या दिवसापासून बघते, कोण ते ध्यानात येत नव्हतं. दुसरी म्हणाली, छे, काल-परवापर्यंत तिथं कुणी नव्हतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर... मला माहीत नाही. मी त्या म्हातारीकडे बघत होते.

गावभर झालं की कचरूला कोल्हापुरात पिक्चरमध्ये काम लागलं. आत्याच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा रंग आला. बाबाही क्षणभर हरखले. पण आईने चुलीसमोर बसल्या बसल्या त्या आनंदावर पाणी ओतलं.

"अहो, हे पिक्चर मी लग्नाच्या आधी माझ्या मावशीसंग औरंगाबादला बघितलं. दुष्काळ तर मागून पडला. मंग त्या ठिगळाचा सदरा त्यात कसा येईल?"

बाबांमधला मास्तर जागा झाला. पाटीवर माणूस काढून त्यांनी आत्याला समजावलं. "कौसा, तुमच्या बाजूनं सगळं उलटं दिसतं. तुम्हाला ठिगळ उजव्या खांद्यावर दिसतंय म्हणजे त्या माणसाच्या ते डाव्या खांद्यावर हाय. कचरूच्या तर उजव्या होतं. म्हणजे हा कचरू न्हाई. दुसराच कुणीतरी हाय."

आत्या पाटीकडे बघून म्हणाली, "मंग दादा, सगळं उलटं अन् तो एकटाच सुलटा हाय."

बाबा त्याच संध्याकाळी पिक्चरला गेले. पुरुषांच्या बाजूला अगदी पुढे बसले. परत आले ते चिडूनच. खांबापाशी कुणीही नव्हतं. छत्रीवाली म्हातारी होती, कासार होता, शेळी होती, पण ठिगळवाला माणूस नव्हता. त्यांनी शेजारच्या चार माणसांना विचारलं, त्यांनाही नाही दिसला. आणि त्याच खेळाला, त्याच क्षणाला, पडद्याच्या या बाजूला आम्ही सगळ्या त्याच्याकडे बोट दाखवत होतो.

"तुम्ही आमच्या बाजूनं येऊन बघा की मंग," आई म्हणाली.

आता हे कसं जमावं? मास्तर माणूस बायकांच्यात जाऊन बसला तर गाव काय म्हणेल? तरी बाबांनी एकदा प्रयत्न केला. बायकांच्या दाराशी जाऊन नुसती मान आत घातली, तर अशी काही आरडाओरड झाली की हमीदभाईंना मध्ये पडावं लागलं. "मास्टरसाब, आप भी?" असं ते म्हणाले म्हणे. बाबांनी पुन्हा त्या दाराच्या बाजूला पाऊल टाकलं नाही.

पण हट्ट सोडला नाही. रविवारी भर दुपारी ते मला आणि आत्याला घेऊन तंबूत गेले आणि हमीदभाईंना सगळं सांगितलं. हमीदभाई हसले नाहीत. आत्याकडे पाहून म्हणाले, "आपा, बिलकुल फिकर मत करो. अब्भी देख लेते." त्यांनी इंटरव्हलनंतरचं रीळ काढलं, जत्रेची जागा शोधली आणि फिल्मची पट्टी उन्हात धरली. छोटी छोटी चित्रं, एकाखाली एक. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं, आत्याने पाहिलं, मी पाहिलं. कासाराचं दुकान, खांब, म्हातारी. माणूस नाही. बाबांनी पट्टी पालटून दुसऱ्या बाजूने पाहिली. तरीही नाही.

"इसमें तो नहीं है, आपा," हमीदभाई हळू आवाजात म्हणाले.

आत्या म्हणाली, "पडद्यावर हाय."

"पडदा तो सफेद कपडा है. उसपे क्या रहेगा?"

त्यांनी जाऊन पडदाही हाताने चाचपून पाहिला, दोन्हीकडून. कापड होतं. मला आठवतं, बाबा आणि हमीदभाई दोघंही त्या पांढऱ्या कापडाकडे बघत उभे होते.

मग बाबांना मी आठवले. सगळ्या गावात दोन्ही बाजूंना जाऊ शकेल अशी मीच होते. बाई म्हणावी एवढी मोठी नव्हते, आणि पोरगी म्हणून पुरुषांच्या बाजूला बापाजवळ बसले तर कुणी हरकत घेणार नव्हतं. हमीदभाईंनी मला पडद्याच्या कडेला, जिथे कापड बांबूला बांधलेलं असतं, तिथे उभं केलं. डोकं इकडे केलं की बायकांची बाजू, तिकडे केलं की पुरुषांची. बाबा म्हणाले, "पमा, घाबरायचं न्हाई. जे दिसंल तेच सांगायचं. आत्याला बरं वाटावं म्हणून न्हाई, अन् मला बरं वाटावं म्हणून बी न्हाई."

जत्रा आली. मी बायकांच्या बाजूने डोकावले. कडेवरून चित्र तिरपं, ताणलेलं दिसत होतं, पण तो होता. खांबाशी उभा. मी डोकं पलीकडे नेलं. खांब होता, तो नव्हता. परत इकडे... होता. परत तिकडे... नव्हता. कापडाची जाडी ती काय, माझ्या ओढणीएवढीसुद्धा नाही! बायका ओरडत होत्या, "अगं मागं बघ, मागं!" आणि मी बांबूला धरून मान इकडून तिकडे करत होते. मला भीती वाटली नाही, हे शपथेवर सांगते. गणिताचं उत्तर दर वेळी वेगळं आलं की जसं होतं तसं मला झालं होतं. डोकं दुखायला लागलं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं. मी म्हणाले, "बायकांच्या बाजूनं आहे, तुमच्या बाजूनं नाही."

"असं होऊ शकत न्हाई, पमा."

"मला माहीत आहे."

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाटेवर बसून राहिले. मला वाटतं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं.

इकडे आत्याचं निराळंच सुरू झालं होतं. ती आता बाकीचं पिक्चर बघायचीच नाही. इंटरव्हल होईपर्यंत बाहेर बसायची, जत्रा आली की आत येऊन अगदी पडद्याजवळ उभी राहायची. केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून. "पमे, तो माझ्याकडंच बघून राह्यला गं," म्हणायची. मला ते बघवत नसे. जेवण कमी झालं होतं. केदारखेड्याचा विषय काढला की उठून जायची. आई एकदा न राहवून म्हणाली, "कौसाबाई, कापडावरच्या माणसासंग संसार होतो का?" त्या दिवशी दोघी खूप रडल्या.

पौर्णिमा जवळ आली. त्याच सुमारास हमीदभाईंनी जाहीर केलं की तंबू आता भोकरदनला हलणार, हा शेवटचा खेळ. गाव लोटलं होतं. त्या संध्याकाळी आत्याने नेहमीसारखा सडा मारला, हात धुतले, मला म्हणाली, "तू आपल्या बाजूनं बस," आणि स्वतः पडद्याला वळसा घालून सरळ पुरुषांच्या बाजूला गेली.

मी इकडून फक्त आवाज ऐकत होते. आधी कुजबुज, मग शिट्ट्या. मग हमीदभाईंचा दणदणीत आवाज, "खामोश! बहन है मेरी." सगळं चिडीचूप झालं. नंतर कळलं की आत्या सगळ्या गड्यांसमोरून चालत जाऊन बाबांच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि बाबांनी नुसतं थोडं सरकून तिला जागा दिली.

जत्रा आली. आमच्या बाजूने तो होता. रोजच्यासारखाच, हात खाली सोडून, आमच्याकडे तोंड करून. बायका त्या दिवशी हिरोइनीला हाका मारायला विसरल्या. सीन गेला.

खेळ सुटला तेव्हा आत्या आणि बाबा बाहेर भेटले. आईने काही विचारायच्या आत आत्या म्हणाली, "न्हाई दिसला, दादा. तू म्हणत होता ते बराबर होतं. केदारखेड्याला होकार कळीव."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला बोलायचं होतं की आत्या, तो आमच्या बाजूला होता गं, आत्ताच होता... पण आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

लग्न साधेपणाने झालं, बुद्धवंदना घेऊन. आत्या केदारखेड्याला नांदायला गेली. रंगनाथमामाच्या मुलीला तिने पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पुढे आत्याला स्वतःचे दोन मुलगे झाले. भरलेला संसार केला बाईने. कचरूमामा कधीच आला नाही, त्याची बातमीही नाही. बाबांनी तो विषय मरेपर्यंत पुन्हा काढला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की आम्हा सगळ्या बायकांना एकदमच काहीतरी भास झाला असेल. असं होतं म्हणतात. एकीने सांगितलं की सगळ्यांना दिसायला लागतं. या उत्तराने माझं समाधान झालं नव्हतं, पण नोकरी, संसार, बदल्या... तेवढ्यावर भागत होतं.

मग पुष्कळ वर्षांनी आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहायला आली. मी तेव्हा नवीन जालन्यात बँकेत होते. रंगनाथमामा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, काळा चष्मा लावून ती सोफ्यावर बसली होती, मी शेंगा सोलत होते आणि टीव्हीवर दुपारचं पिक्चर लागलं. जत्रेचं पिक्चर! मी चॅनल बदलायला रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.

आम्ही दोघी बघत बसलो. संवाद अजून पाठ होते. जत्रा आली, खांब आला, छत्रीवाली म्हातारी दोनदा गेली. खांबापाशी कुणी नव्हतं. मी हसून म्हणाले, "बघ आत्या, कुणीच नाही. काय वेडेपणा केला ना आपण तेव्हा?"

ती टीव्हीकडेच बघत होती. "त्या दिवशी होता," म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"मी गड्यांच्या बाजूनं बसले त्या दिवशी. मला दिसला."

"अगं, पण तू तर बाबांना सांगितलंस..."

"पाठमोरा दिसला. आपल्या बाजूनं त्याचं तोंड होतं ना? त्या बाजूनं पाठ होती. ठिगळ मी लावलेलं, मागूनही तेवढंच उतरलेलं. मला कळणार न्हाई का?"

"मग खोटं का सांगितलंस?"

आत्याने चष्मा काढला, डोळ्यात ड्रॉप टाकायची वेळ झाली होती. मान मागे टाकून ती म्हणाली, "पमे, रोज तो समोर बघून राह्यला की मला वाटायचं माझ्याकडंच बघून राह्यला. म्हणून मी उठून त्या बाजूला गेले. म्हणलं, आपल्याकडं बघत आसंल तर वळंल. मी सगळ्या गावाच्या गड्यांमधून चालत गेले गं... त्यानं मान बी न्हाई वळीवली."

मी तिच्या डोळ्यात थेंब टाकले. एक गालावर पडला.

आता आत्या नाही, बाबा नाहीत. ते पिक्चर मोबाइलवर मिळतं. मी ते पाहिलं आहे, चित्र उलटं करूनही पाहिलं आहे, माझ्या मुलाने करून दिलं. खांबापाशी ना तोंड, ना पाठ. मुलगा इंजिनियर आहे. तो म्हणतो, कापडावरचं चित्र मागून बघितलं तर डावं-उजवं बदलेल, माणसाची पाठ कशी दिसेल? शक्यच नाही. मीही त्याला तेच म्हणाले. पण रात्री पडल्या पडल्या आठवायचा प्रयत्न करते की त्या बांबूला धरून मी पुरुषांच्या बाजूने डोकावले तेव्हा तिथे कुणाची पाठ होती का? बाबांनी नाही म्हणून सांगितलं, मीही नाही म्हणाले. पण आम्ही तोंड शोधत होतो. पाठीकडे कोण बघतं? आणि फिल्मच्या पट्टीवर तर काहीच नव्हतं, ते मी उन्हात या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग?

कुणाला यातलं काही कळलं तर मला जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकून घेईन. मला काही कळत नाही. फक्त एवढं खरं की हे सगळं सांगताना आत्या रडली नाही, तंबूत बायका काय ओरडायच्या ते आठवून उलट हसली. रडत मी होते, आणि ती मला म्हणत होती, "उगी. लई दिवस झाले त्याला."